शिक्कामोर्तब

आपल्या प्रत्येक घरात एक तरी फाईल अशी असते, की तिचे नाव निघाले म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने चष्मा शोधायला लागावे. शाळा सोडल्याचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, सूनबाईंचे माहेरचे आणि सासरचे नाव एकच व्यक्तीचे असल्याचे प्रतिज्ञापत्र, कोणे एके काळी हरवलेल्या गुणपत्रिकेची हकीकत. आणि यांतल्या निम्म्याअधिक कागदांच्या कोपऱ्यात एक गोल शिक्का. हा शिक्का कुणाचा, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘‘अहो, नोटरी केली आहे ना!’’

मी मराठीचा मास्तर. हे वाक्य ऐकले की माझे कान टवकारतात. ‘नोटरी’ हे वास्तविक माणसाचे नाव. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टिपण करणारा, लेखक. आपल्याकडे मात्र हा गृहस्थ बघता बघता स्त्रीलिंगी झाला आणि ‘झेरॉक्स काढली’ तशी ‘नोटरी केली’ असे आपण म्हणू लागलो. भाषेने माणसाला पुसून टाकले आणि तेथे एक क्रिया उरली. भाषेत एखादी गोष्ट घडते तेव्हा ती व्यवहारात आधीच घडून गेलेली असते, असा माझा अनुभव आहे. शिक्का हवा असतो. शिक्का मारणारा माणूस कोण, त्याला तो अधिकार कुणी दिला आणि तो कधी संपतो, याची चौकशी करण्याचे आपल्या मनातही येत नाही.

माझ्याही मनात ते आले नसते. पण आम्ही राहतो कळमन्याला. नागपूरबाहेरच्या वाचकांना कळमना ठाऊक असेल तर ते तेथील मोठ्या बाजारामुळे. संत्री, मिरची, धान्य, कांदा-बटाटा यांच्या गाड्या पहाटेपासून लागलेल्या. अडते, हमाल, मापारी यांचा कोलाहल. आणि मिरचीच्या दिवसांत वारा आमच्या बाजूला फिरला की साऱ्या गल्लीला एकदम शिंका. त्या गल्लीत आमच्या शेजारी एक वकीलबाई राहतात. काही वर्षांपूर्वी त्या एक अर्ज घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, मला नोटरीसाठी अर्ज करायचा आहे. त्यावर तुमची सही हवी.’’

‘‘माझी? मला कायद्यातले ओ की ठो कळत नाही.’’

‘‘कायदा मला कळतो, सर. तुम्ही फक्त मला ओळखता ना?’’

मग त्यांनी मला तो नमुना दाखवला. नोटरी नेमण्याचा आपला कायदा १९५२ सालचा आणि त्याखालचे नियम १९५६ चे. त्यांप्रमाणे दहा वर्षे वकिली केलेल्या माणसाला अर्ज करता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्ग यांतील वकिलांना सात वर्षे पुरतात. अर्ज जिल्हा न्यायाधीशांमार्फत, किंवा आपण जेथे वकिली करतो त्या न्यायालयाच्या प्रमुखांमार्फत जातो. पण मला मौज वाटली ती पुढच्या अटीची. अर्जावर अर्जदाराखेरीज आणखी पाच माणसांच्या सह्या लागतात : एक दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा एक व्यवस्थापक, एक व्यापारी, आणि त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. माझी वर्णी या शेवटच्या खान्यात लागली होती. ‘प्रतिष्ठित’ म्हणून सरकारदरबारी नोंद होण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. सौभाग्यवतींनी त्या दिवशी चहाबरोबर चिवडाही दिला!

व्यापारी म्हणून बाजारातल्या एका जुन्या अडत्याने सही केली. ती करण्यापूर्वी त्याने वकीलबाईंना विचारले होते, ‘‘ताई, उद्या माझ्याच गड्याने माझ्या नावाचा खोटा कागद आणला तर काय कराल?’’ ‘‘तुम्हाला समोर बोलावीन,’’ त्या म्हणाल्या. अडत्याने सही केली. कायदा करणाऱ्यांना या अटीतून जे हवे होते, ते या एका प्रश्नोत्तरात आले असे मला वाटते.

पुढचा मार्ग मात्र लांबचा. सक्षम अधिकारी अर्ज तपासतो, वकील-संघटनांसारख्या संस्थांकडून काही हरकत आहे का ते विचारतो, केंद्र सरकारकडचा अर्ज असेल तर मुलाखतही होते. केंद्र सरकार साऱ्या देशासाठी किंवा त्याच्या एखाद्या भागासाठी नोटरी नेमू शकते, राज्य सरकार आपल्या राज्यापुरते. नेमणूक झाली की नाव नोंदवहीत चढते आणि व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळते. आमच्याकडे त्याला सरळ ‘सनद’ म्हणतात.

ही सनद आपल्या सरकारने द्यावी, हेही तसे अलीकडचेच. १९५२ च्या कायद्यापूर्वी आपल्याकडील बहुतेक नोटरींची नेमणूक इंग्लंडातील ‘मास्टर ऑफ द फॅकल्टीज’ करीत असे, आणि हे न्यायासन कँटरबरीच्या आर्चबिशपचे! हुंडी-चिठ्ठीच्या कामापुरते नोटरी नेमण्याची सोय १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यात होती, एवढेच. स्वतंत्र देशातल्या कागदाच्या खरेपणाची ग्वाही परक्या देशातील धर्मपीठाने नेमलेल्या माणसाने का द्यावी, असा प्रश्न उभा राहिला आणि आपला कायदा झाला. तो अंमलात आला १४ फेब्रुवारी १९५६ रोजी. तेव्हा आमचे नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. नोटरीच्या पाच सेंटिमीटर व्यासाच्या गोल शिक्क्यावर त्याचे नाव, क्षेत्र आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचे नाव असावे लागते. राज्य शासनाने नेमलेला एखादा नोटरी त्या काळात नागपुरात असता, तर सव्वाचार वर्षांत त्याने तीन शासने पाहिली असती.

पण कागद खरा कसा ठरवावा, हा प्रश्न आपल्या लोकांना काही इंग्रजांनी शिकवला नाही. मराठेशाहीतले महजर ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवेल : कागदाच्या शेवटी गावची मंडळी हजर असल्याची नोंद, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी. पाटलाचा नांगर, देशमुखाची कट्यार, महाराचा विळा-दोर. अक्षरशत्रू माणसालाही आपल्या कामाचे चिन्ह काढून ‘मी येथे होतो’ असे सांगता येई. राजपत्रावर मजकूर संपला की अखेरीला मोर्तब उमटे, म्हणजे त्याखाली पुढे कुणी एक ओळही घुसडू नये. त्या दोन क्रियांचा जोडशब्द आपण आजही वापरतो, शिक्कामोर्तब. नोटरी हा या गावकऱ्यांचा आणि या मोर्तबाचाच आजचा वारस.

या वारसाचे काम केवढे, हे मला एका दुपारी दिसले. वकीलबाईंनी मला हाक मारली. इंग्रजी कागदाचा मराठीत अर्थ सांगायला मदत हवी होती. खुर्चीत एक आजीबाई, बाजाराजवळच्या वस्तीतल्या, नवरा आयुष्यभर हमाली करून वारलेला. शेजारी पुतण्या, हातात टंकलिखित कागद, आणि घाई.

‘‘आजी, कशाचा कागद आहे हा?’’ वकीलबाईंनी विचारले.

‘‘राशनकार्डाचा हाय म्हणे. आंगठा मार म्हणे, तं आली.’’

वकीलबाईंनी पुतण्याला बाहेर बसायला सांगितले. तो कुरकुरला, त्यांनी आवाज न चढवता दाराकडे बोट केले. मग आम्ही तो कागद आजींना ओळीओळीने मराठीत सांगितला. ते मुखत्यारपत्र होते. आजींच्या नावचे घर विकण्याचा, पैसे घेण्याचा आणि ताबा देण्याचा अधिकार पुतण्याला. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर पदराने तोंड पुसून एवढेच म्हणाल्या, ‘‘घर तं त्याइनं बांधलं व्हतं, बाई.’’ अंगठा उमटला नाही. वकीलबाईंनी कागद परत केला, आणि वस्तीतल्या एका सुनेला बोलावून आजींना तिच्याबरोबर घरी धाडले.

वाचकहो, मुखत्यारपत्र नोटरीसमोर होऊन साक्षांकित झाले, की न्यायालय ते खरे आहे असे प्रथमदर्शनी गृहीत धरते. म्हणजे त्या दुपारी शिक्का उमटला असता तर ‘मला काही माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार त्या म्हातारीच्या डोक्यावर आला असता. ‘‘सही त्यांचीच आहे, ते जरा गावाला गेले आहेत, तुम्ही शिक्का मारून ठेवा’’ असे आपण किती सहज म्हणतो! तेव्हा आपण त्या माणसाला त्याचे कामच करू नको म्हणून सांगत असतो.

म्हणूनच ही सनद कायमची नाही. पूर्वी ती तीन वर्षांची होती, १९९९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागील वर्षी केलेल्या कामांचे विवरण शासनाला द्यावे लागते; प्रत्येक काम अनुक्रमांकासह नोंदवहीत लिहावे लागते; फीचा तक्ता कचेरीच्या आत आणि बाहेरही लावावा लागतो. वकीलबाईंच्या नूतनीकरणाच्या वर्षी त्यांच्या टेबलावर पाच वर्षांच्या नोंदवह्यांची चळत होती. ‘‘सर, तुम्ही पेपर तपासता तशी ही माझी परीक्षा,’’ त्या म्हणाल्या. नवे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत, जुन्याची मुदत उलटली त्या दिवसापासून त्यांनी शिक्का कुलुपात ठेवला. बाजारातली दोन-तीन गिऱ्हाइके रागावून दुसरीकडे गेली. पण मुदतबाह्य सनदेवर मारलेला शिक्का ज्याच्या कागदावर पडतो, त्याचेच पुढे हसे होते.

आता केंद्राने नेमलेल्या नोटरींसाठी सप्टेंबर २०२४ पासून नूतनीकरण आणि वार्षिक विवरण संगणकावरून करण्याची सोय झाली आहे. सनदेचे नूतनीकरण दोनदाच व्हावे, म्हणजे एकाच व्यक्तीने एकंदर पंधरा वर्षांपेक्षा अधिक काळ नोटरी राहू नये, अशी तरतूद सुचवणारा मसुदा २०२१ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला होता. तरुण वकिलांना वाट मिळावी हा त्यातला हेतू. अनुभवी हात निवृत्त करावेत की नव्यांना संधी द्यावी, हा वाद आमच्या महाविद्यालयातल्या वादासारखाच आहे, म्हणून त्यात मी पडत नाही.

जाता जाता, नोटरीच्या शिक्क्याने जे होत नाही तेही सांगितले पाहिजे. कारण आमच्या पूर्व नागपुरात त्यापायी अनेक संसारांची पुंजी अडकली आहे. शंभर रुपयांहून अधिक किमतीची जमीन वा घर विकण्याचा दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. ‘‘प्लॉटची नोटरी झाली आहे’’ असे जो सांगतो, त्याच्या हाती मालकी आलेली नसते. घर भाड्याने देण्याचा लिव्ह अँड लायसन्स करारही महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीसमोर लग्न लागत नाही आणि मोडतही नाही. केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२४ मध्ये सर्व नोटरींना ही गोष्ट पुन्हा बजावली. उलट पुष्कळ किरकोळ कामांसाठी आता शिक्क्याची गरजच राहिलेली नाही. स्वतःच्या सहीचे घोषणापत्र चालते. कचेरीत आधी विचारावे, मग खर्च करावा.

यंदा दिवाळीची साफसफाई करताना ती फाईल निघेलच. तेव्हा गोल शिक्क्यावरचे नाव, क्षेत्र आणि नोंदवहीचा क्रमांक एकदा नजरेखालून घाला. पुष्कळ नोटरी शिक्क्याशेजारी सनदेची मुदतही लिहितात. कागदाची तारीख त्या मुदतीत बसते का पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी कोठे अंगठा वा सही दिली असेल, तर तो कागद त्यांना एकदा मराठीत वाचून दाखवा. ‘साक्ष’ या शब्दात ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे, आणि ‘समक्ष’ या शब्दातही तोच आहे. शिक्का उमटवणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत म्हणून कायदा दर पाच वर्षांनी त्याला हटकतो. आपल्याला हटकणारे कुणी नाही. ते काम आपले आपणच केले पाहिजे.