जपानमध्ये डोक्यावर घेतलेले गेम अमेरिकेत का आपटले?

खारघरच्या या सभागृहात आज दोन पिढ्या दिसतायत. एक, जिने नव्वदच्या दशकात टीव्हीला डबा जोडून आणि कॅसेटमध्ये फुंकर मारून ‘कॉन्ट्रा’ खेळलाय. दुसरी, जी आता स्वतः गेम बनवायला शिकतेय. दोन्ही पिढ्यांच्या कामाचा एक प्रश्न घेऊ. जपानमध्ये तुफान गाजलेले काही जुने गेम अमेरिकेत चालले नाहीत, ते का?

‘तिकडची आवड वेगळी’ हे उत्तर पटकन दिलं जातं. ते अगदीच खोटं नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. म्हणून एकेक गेम हातात घेऊन बघू.

पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’. मे १९८६ मध्ये एनिक्स कंपनीने तो निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर आणला. रचना युजी होरी यांची, चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामांची. १९८८ मध्ये तिसरा भाग आला तेव्हा पहिल्याच दिवशी १० लाखांहून जास्त प्रती गेल्या. आता गंमत अशी, की होरींना ही कल्पना सुचली ती ‘विझार्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या अमेरिकी गेमवरून. म्हणजे बियाणं अमेरिकेचंच! तरीही १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने तो तिकडे गेला आणि थंड पडला. शेवटी निन्टेंडोने ‘निन्टेंडो पॉवर’ या आपल्या नियतकालिकाच्या वर्गणीदारांना त्याच्या प्रती फुकट वाटल्या.

असं का झालं? हा गेम खेळायचा म्हणजे वाचायचं. जिना चढायचा तरी यादी उघडून ‘जिना’ हा पर्याय निवडायचा! लढाईतही आळीपाळीने हुकूम द्यायचे आणि वाट बघायची. जपानी मुलांना हे कुणीतरी आधी समजावलं होतं. होरी स्वतः ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात गेमविषयी लिहायचे, आणि तोरियामांची चित्रकथाही त्याच साप्ताहिकात यायची. त्यामुळे कॅसेट विकत घेण्याआधीच मुलगा अर्धा तयार झालेला असायचा. अमेरिकेतल्या मुलाजवळ यातलं काहीच नव्हतं. त्याला तीन वर्षं जुना, दिसायला साधा गेम मिळाला, तोही जुनाट, पोथीतल्यासारख्या इंग्रजीत. शेजारच्या फळीवर ‘मेगा मॅन २’ होता. तो सुरू केला की लगेच उडी आणि गोळी. आम्हाला विचाराल तर त्या मुलाचं काही चुकलं नाही.

दुसरा गेम जास्त चटका लावणारा. ‘मदर २’, जपानमध्ये १९९४. लेखक शिगेसातो इतोई हे मुळात जाहिरातींची वाक्यं लिहिणारे. हा गेम अमेरिकेचीच थट्टामस्करी करतो. बेसबॉलची बॅट घेतलेला मुलगा, उपनगरातली घरं, आणि घरी कधीच न दिसता फक्त फोनवर भेटणारे वडील. १९९५ मध्ये तो ‘अर्थबाउंड’ म्हणून अमेरिकेत गेला. सोबत मार्गदर्शक पुस्तक असलेला भलामोठा खोका होता, आणि जाहिरात कसली, तर गेमला घाण वास येतो अशी! खरवडून हुंगायचे कागदही वाटले. सुमारे १ लाख ४० हजार प्रती खपल्या असं सांगितलं जातं. त्याच यंत्रावर काही महिन्यांपूर्वी ‘डाँकी काँग कंट्री’ची झगमगीत चित्रं येऊन गेली होती. त्यापुढे ‘अर्थबाउंड’ बालवाडीच्या वहीसारखा वाटला. त्यातली खरी मजा संवादांत, आणि जाहिरातीने ती कुणाला सांगितलीच नाही.

मग अमेरिकनांना वाचायचा कंटाळा म्हणावं का? तसंही नाही. १९९७ मध्ये ‘फायनल फँटसी ७’ तिथे धडाक्यात चालला. त्यातही याद्या आणि संवाद भरपूर, पण सोनीने जाहिरातीवर पैसा ओतला होता. पुढच्याच वर्षी ‘पोकेमॉन’ गेला, तो टीव्ही मालिकेचं बोट धरून. ‘जंप’ने जपानमध्ये केलेलं काम इथे टीव्हीने केलं.

आता आपल्या गल्लीत येऊ. लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट इथून जे डबे घरोघरी गेले, ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. सोबतच्या ‘इतके-इतके इन वन’ कॅसेटमध्ये टँकवाला ‘बॅटल सिटी’, गाड्यांचा ‘रोड फायटर’ आणि ‘सर्कस चार्ली’ असायचे. हे तिन्ही त्या काळात अमेरिकेत निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आलेच नाहीत. आपल्याकडे मात्र पोरं त्यावर वाढली! याचं कारण साधं आहे. ‘बॅटल सिटी’ जेमतेम २४ किलोबाइटचा, म्हणून एका कॅसेटमध्ये असे पुष्कळ गेम मावायचे. आणि वाचायचं काहीच नाही. गरुड वाचवायचा, बस! याउलट ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ला खेळ जपून ठेवायला कॅसेटमध्ये बॅटरी लागायची, शिवाय मजकूर सगळा जपानी. असला गेम त्या स्वस्त कॅसेटमध्ये कोण भरणार? म्हणजे मुंबईच्या मुलाने तो नाकारला नाही, त्याच्या हातात तो आलाच नाही. अमेरिकेत तो हातात आला, पण ओळख करून न देता. ‘चालला नाही’ हा एकच शब्द आपण दोन्हींना लावतो, आणि तिथेच घोळ होतो.

गेम बनवणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ आणला. त्यात दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगत जातात, त्यामुळे पुराणं माहीत नसलेल्या परदेशी खेळाडूलाही खेळता खेळता संदर्भ मिळतो. ओळख करून देणारं साप्ताहिक नाही, मालिका नाही, म्हणून ते काम गेमच्या पोटातच करून टाकलं. लहान स्टुडिओला दुसरा रस्ताही नसतो.

ज्यांचा प्रकल्प चालू आहे त्यांनी या आठवड्यात एक करा. तुमचा गेम आत्याला नाहीतर शेजारच्या काकांना द्या, शेजारी बसा आणि तोंडातून शब्द काढू नका. ते पहिल्यांदा कुठे अडतात ती जागा लिहून आणा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू. आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेत माइक द्या जरा.