हापशाजवळची शिल्पकला

छत्तीसगडमधल्या कोंडागाव परिसरातले काही हापसे मुद्दाम थांबून पाहावेत असे आहेत. त्यांच्याभोवती ओटा आणि घडवलेल्या भिंती आहेत, भिंतींना कोनाडे आहेत. भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घ्यायचा तर कंबर आणि मान भरून येते. इथे हंडा आधी कोनाड्यात टेकवता येतो, मग डोक्यावर घेता येतो. सांडलेले पाणी साचून चिखल होऊ नये, याचीही सोय आहे. 'नलपार' हे या कामाचे नाव. नवज्योत अल्ताफ आणि त्यांच्या बस्तरमधल्या सहकाऱ्यांनी ते उभे केले.

नवज्योत यांचा जन्म १९४९ मध्ये मीरतला झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या १९६७ ते १९७२ या काळात शिकल्या. पती चित्रकार अल्ताफ मोहमदी यांच्यासोबत त्या 'प्रोयोम' या डाव्या युवक संघटनेत काम करत होत्या. पोस्टरे करायची, चित्रे गॅलरीबाहेर लोकांपर्यंत न्यायची, हे वळण तेव्हाचे. १९८२-८३ मध्ये दिल्लीच्या गढी स्टुडिओत त्यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले. एका ठशावरून अनेक प्रती काढता येतात, त्यामुळे चित्र एकाच श्रीमंताच्या भिंतीवर अडकून पडत नाही. चळवळीतल्या कलावंताला हे माध्यम जवळचे वाटावे, यात नवल नाही.

चळवळीत वर्गाची चर्चा भरपूर होई. बाईचे शरीर आणि तिचे श्रम मात्र मागे राहत. नवज्योत यांच्या कामात ते पुढे आले. 'पलानीज डॉटर्स' (१९९६) ही शिल्परचना मुलींच्या हत्येविषयी आहे. त्याआधी, १९९४ मध्ये, मुंबईच्या दंगलींनंतर त्यांनी 'लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रिडिस्कव्हर्ड' हे मांडणीशिल्प केले होते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या बस्तरला गेल्या आणि तिथल्याच होऊन काम करू लागल्या. लाकडात कोरणाऱ्या शांतीबाई, राजकुमार कोर्राम आणि गेस्सुराम विश्वकर्मा हे त्यांचे सहकलावंत. शहरी कलावंताने कल्पना द्यायची आणि आदिवासी कारागिराने हात चालवायचे, ही जुनी उतरंड त्यांना मोडायची होती. म्हणून नलपारच्या आराखड्यात पाणी भरणाऱ्यांचा अनुभव आला आणि 'पिल्ला गुडी' या मुलांसाठीच्या जागा गावातल्या मुलांना सोबत घेऊन घडल्या.

बस्तरमध्ये राहिल्यावर जंगल, पाणी आणि खाणी यांच्याकडे पाठ फिरवणे शक्यच नव्हते. 'सोल ब्रेथ विंड' या व्हिडिओ-मांडणीत खाणी आणि उद्योगांमुळे उद्ध्वस्त होणारी जमीन आणि विस्थापित माणसे दिसतात. 'हाऊ परफेक्ट परफेक्शन कॅन बी' या मालिकेत न्यूयॉर्कच्या देखण्या इमारतींच्या जलरंगचित्रांवर हवामानबदलाचे आलेख येतात. त्या भपक्याची किंमत पृथ्वी कशी मोजते, ते एका नजरेत कळते. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांनी त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन मांडले. 'द अर्थ्स हार्ट, टॉर्न आउट' हे त्याचे नाव होते.

स्त्रीवाद आणि पर्यावरण हे नवज्योत यांच्या कामात वेगळे काढताच येत नाहीत, कारण आटलेल्या पाण्याचा आणि तुटलेल्या जंगलाचा पहिला भार बाईच्या डोक्यावर येतो. ही समज आपल्याही गावांना हवी आहे. तुमच्या गावात नवा पाणवठा बांधायचा ठरेल, तेव्हा आराखडा कागदावर उतरण्याआधी तिथे रोज पाणी भरणाऱ्या बायकांना बैठकीला बोलवा आणि त्यांचे म्हणणे आधी ऐका.