दात हवाय? आधी शुगर दाखवा!

सिंहगड, जुलैचा पाऊस, हातात तिखट-मीठ-लिंबू लावलेलं गरमागरम कणीस आणि सोबत ऑफिसची अख्खी गँग. मी मोठ्ठा घास घेतला आणि कट्ट! आधीच हलणारा, हसलं की दिसणारा वरचा दात कणसातच राहिला. वय वर्षं ३१. हे काय कवळीचं वय आहे?

घरी कांदेपोह्यांचा सीझन जोरात. त्यामुळे थेट इम्प्लांटच करायचं ठरवलं, ईएमआयचा हिशेबही मांडला. क्लिनिकच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'डायबेटिस आहे का?' मी बिनधास्त 'नाही'वर टिक केली. खरं तर दोन वर्षं गोळ्या चालू होत्या. पण ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं, स्थळांना तर नाहीच. म्हटलं, दाताचा आणि साखरेचा काय संबंध?

डॉक्टर मॅडमनी हिरड्या पाहिल्या. सुजलेल्या, जरा हात लागला की रक्त. "कीड नाही, मार नाही. मग या वयात दात हलून पडतो कसा? एचबीए१सी करून आणा." रिपोर्ट आला ९.४. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फसवत कुणाला होतात? मला, की तुमच्या हाडाला?"

मग खरा क्लास झाला. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनिअमचा स्क्रू. कॅप त्याच्यावर नंतर बसते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांवर प्रयोग करताना लक्षात आलं, की हाड या धातूला घट्ट धरून ठेवतं. १९६५ साली त्यांनी पहिल्या पेशंटला असे दात बसवले. म्हणजे स्क्रू डॉक्टर बसवतात, पण पक्का करतं आपलं हाड. त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. शुगर चढलेली असेल तर बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखम सावकाश भरते, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. मग स्क्रू हलण्याची, त्याच्याभोवती पू होण्याची भीती वाढते. वर हिरड्यांचं इन्फेक्शन शुगरला आणखी चढवतं!

"म्हणजे मला इम्प्लांट नाहीच?" माझा चेहरा पडला. "आहे ना! शुगर ताब्यात असलेल्यांचे इम्प्लांट इतरांच्या इतकेच छान टिकतात. पण आज नाही."

'आज नाही'चे पुढे चार महिने झाले. आधी हिरड्यांची खोलवर सफाई. डायबेटिसच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. रात्री अकराचं जेवण आठवर आलं, सिगरेट सुटली (हे सगळ्यात अवघड!). फोटोत मात्र तोंड मिटूनच. शेवटी आकडा ६.९ झाला आणि स्क्रू बसला.

देशात सुमारे १० कोटी डायबेटिक आहेत, असं आयसीएमआरची २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते. लपवणारा मी एकटाच नसणार. म्हणून हे तुमच्यासाठी:

* फॉर्मवर खरं लिहा. डायबेटिस, गोळ्या, इन्शुलिन, सिगरेट, सगळं.
* एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. आदल्या दिवशी गुलाबजाम सोडून ती मॅनेज होत नाही! आकडा किती हवा, ते तुमच्या दोन्ही डॉक्टरांना मिळून ठरवू द्या.
* शक्यतो सकाळची अपॉइंटमेंट घ्या. उपाशी जायचं की नाश्ता करून, गोळ्या घ्यायच्या की नाही, हे आधीच विचारा. मनाने काही बंद करू नका.
* दात बसला म्हणजे सुटलो असं नाही. ब्रश, चेकअप आणि शुगर कायम सांभाळायची.

परवा पुन्हा एक कांदेपोहे कार्यक्रम झाला. "चहात साखर किती?" तिनं विचारलं. "अजिबात नको, मला डायबेटिस आहे," मी पहिल्यांदाच सरळ सांगून टाकलं. आणि चक्क दात दाखवून हसलो.