गळलेला संत्रा फेकण्याआधी मोजा: दहा झाडांची नोंद कशी ठेवायची



आंबिया बहाराची गळ सुरू आहे. बहुतेक जण खाली पडलेली फळं गोळा करून धुऱ्यावर टाकतात आणि दुकानातून एक बुरशीनाशक आणून फवारतात. पण गळ माशीची असेल तर बुरशीनाशकाचा पैसा वाया जातो. म्हणून आधी मोजा, मग फवारा.

हे मोजमाप कोकणातले मच्छीमार करतात तसंच आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात विकायच्या मासळीसोबत बारकी, बिनकामाची मासळी येते, तिला तिकडे ‘कुटा’ म्हणतात. बंदरावर उतरलेला मालच मोजला तर समुद्रातून खरं किती गेलं ते कळतच नाही. म्हणून जिथे नोंद ठेवायची असते तिथे चांगली मासळी निवडल्यावर उरलेल्याची टोपली मोजतात. त्यातली एक टोपली ढिगाच्या तीन-चार जागांवरून भरतात, जाती वेगळ्या करून वजन घेतात आणि एकूण टोपल्यांनी गुणतात. जाळं कधी, कुठे, किती वेळ ओढलं तेही लिहितात. रिकामं आलेलं जाळंसुद्धा लिहितात. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. असा नियम पाळला जातो की नाही हे पाहायलाही बारकी मासळी मोजलेलीच लागते.

आपलंही तेच आहे. व्यापाऱ्याची पट्टी फक्त विकलेलं सांगते. झाडाखाली काय गेलं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

*झाडं कशी निवडायची*
दहा झाडं पुरे. पण रस्त्याजवळची चांगली दहा नकोत. धुऱ्याजवळची दोन-तीन, मधली चार-पाच, पाणी साचतं त्या खोलगट भागातली दोन-तीन घ्या आणि खोडाला चुन्याची खूण करा. झाडं शेवटपर्यंत बदलायची नाहीत. पहिल्या दिवशी खालची सगळी जुनी फळं उचलून जागा साफ करा, त्या दिवशीची मोजणी धरायची नाही. मग दर सात दिवसांनी एकाच वारी मोजा. मजुरांनाही सांगून ठेवा, नाहीतर मधल्या दिवशी कोणी खूण केलेल्या झाडाखालची फळं उचलली की त्या आठवड्याचा आकडा गेला.

*फळ कसं ओळखायचं*
इथे घाई करू नका, सगळा फायदा याच कामात आहे. आधी छिद्र पाहा, मग सड. छिद्र पडलेलं फळ नंतर सडतंच, ते बुरशीच्या खात्यात गेलं की हिशेब चुकतो.

फळ कापल्यावर आत अळ्या दिसल्या तर फळमाशी. टाचणीएवढं छिद्र, दाबल्यावर रस बाहेर, आत अळी नाही, तर बहुधा रस शोषणारा पतंग. पण माशीची अंडी नुकतीच घातलेली असतील तर अळी दिसत नाही, अशी शंकेची फळं दोन दिवस झाकून ठेवा आणि पुन्हा कापा. छिद्र नाही आणि देठाकडून काळपट सड, तर देठसड. जमिनीलगतच्या फांदीचं फळ, तपकिरी चामड्यासारखी साल, उग्र वास, तर फायटोप्थोराची तपकिरी सड. काहीच डाग नाही, फळ पिवळं पडून गळलं, तर ती अन्नद्रव्य, पाणी किंवा संजीवकाच्या कमतरतेची गळ.

*हिशेब*
समजा दहा झाडांखाली 120 फळं पडली. म्हणजे झाडामागे 12, आणि 300 झाडांच्या बगीच्यात आठवड्याला 3600. त्या 120 पैकी 60 माशीची निघाली तर निम्मी गळ माशीची. फळं फारच पडली असतील तर सगळी एकत्र करून टोपल्या भरा, एक टोपली ढीग खालीवर करून घ्या, तीच तपासा आणि टोपल्यांच्या संख्येने गुणा. वरची वर उचलू नका, मोठी फळं वर राहतात. गळ शून्य असेल तर शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका.

माशी जास्त असेल तर एकरी 10 मिथाइल युजेनॉलचे सापळे. पतंग असेल तर धुऱ्यावरची गुळवेल, वासनवेल काढा, पतंगाच्या अळ्या त्यावरच वाढतात. संध्याकाळी बगीच्यात धूर करा. तपकिरी सड असेल तर पाण्याचा निचरा आणि खालच्या फांद्यांना बांबूचा टेकू आधी, औषध नंतर. फवारणीचं औषध आणि प्रमाण कृषी विज्ञान केंद्राला किंवा सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला आकडे दाखवूनच ठरवा. तपासलेली फळं धुऱ्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हवामानावर आधारित फळपीक विम्याचे पैसे हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतात, या वहीवर नाही. पंचनामा झाला तर मात्र तारीखवार आकडे हाताशी असलेले बरे.

रविवारी संध्याकाळपर्यंत गावाचं नाव, झाडांची संख्या आणि पाचही प्रकारांचे आकडे ग्रुपवर टाका. फोटो नको, आकडेच पाठवा.