गिझरचं गणित: व्होल्ट, अँपिअर आणि वॅट

गिझरवरच्या पट्टीवर ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ असं छापलेलं असतं. एवढ्या दोन आकड्यांवरून बाकी सगळा हिशेब मांडता येतो.

शक्ती (वॅट) म्हणजे दाब (व्होल्ट) गुणिले प्रवाह (अँपिअर). म्हणून २००० ला २३० ने भागलं की प्रवाह मिळतो: सुमारे ८.७ अँपिअर. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार दाबाला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो. २३० भागिले ८.७, म्हणजे कॉइलचा रोध साधारण २६.४ ओहम.

आता गावाकडे संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला असं समजा. कॉइल तीच, त्यामुळे रोध जवळपास तेवढाच. पण प्रवाह ६.८ अँपिअरवर येतो आणि शक्ती सुमारे १२२५ वॅटवर. दाब २२ टक्क्यांनी घटला, तर शक्ती ३९ टक्क्यांनी! कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जे पाणी पंधरा मिनिटांत तापायचं, त्याला आता पंचवीसेक मिनिटं लागतात.

हे गणित गिझर, इस्त्री, शेगडी अशा तापणाऱ्या उपकरणांना सरळ लागू पडतं. पंखा किंवा पंपाच्या मोटरला पॉवर फॅक्टरही, म्हणजे दाब गुणिले प्रवाह यातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्साही, धरावा लागतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. साडेआठ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढणारं उपकरण ६ अँपिअरच्या सॉकेटला कधीही लावू नका. त्यासाठी १६ अँपिअरचं सॉकेट आणि तशीच जाड वायर हवी.