खेड्यांतील खून आणि शेजारच्या बाई

खून हा शब्द नुसता ऐकला तरी मनुष्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. परंतु दिवसभराच्या कामानें शिणलेला तोच मनुष्य रात्रीं दिवा जवळ ओढून खुनाची गोष्ट मोठ्या आवडीनें वाचतो, आणि ती संपल्यावर स्वस्थ झोंप घेतो. ही विसंगति सर्वांत अधिक नजरेस भरते ती इंग्रजी वाङ्मयांतील रहस्यकथेच्या एका घरगुती प्रकारांत. त्यांतील देखावा बहुधा ठरलेला असतो. एक लहानसें इंग्रजी खेडें. त्यांत जुनें चर्च, पाद्रीसाहेबांचें घर, पेन्शन घेऊन राहिलेला एखादा कर्नल, एक डॉक्टर, एक वकील आणि दोनचार अविवाहित वृद्ध स्त्रिया. दुपारचा चहा, बागेंतील फुलें, आणि या सर्वांच्या मध्यें एके दिवशीं अचानक एक प्रेत! पोलीस येतात, जबान्या घेतात आणि भलत्याच मनुष्याच्या मागें लागतात. अखेर उलगडा करते ती शेजारचीच एखादी साधी व्यक्ति, जिचा या धंद्याशीं कांहीं एक संबंध नाहीं. रक्त थोडें आणि बोलणें फार, असा हा मामला. त्याला एवढा मोठा वाचकवर्ग कां लाभला, आणि त्यांत घटकाभर करमणुकीपलीकडे कांहीं आहे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या कथांच्या मुळाशीं असलेली भीति केवळ कल्पनेंतली नाहीं. इ. स. १८६० च्या जून महिन्यांत विल्टशायर व सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवरील रोड नांवाच्या खेड्यांत एक भयंकर प्रकार घडला. सॅम्युअल केंट या कारखाने-तपासनिसाच्या घरांतून त्याचा चार वर्षांचा होत आलेला मुलगा रात्रींतून नाहींसा झाला, आणि सकाळीं त्याचें प्रेत आवारांतील शौचकूपांत सांपडलें. कृत्य घरांतल्याच कोणाचें असावें असा रंग दिसत होता. स्थानिक पोलिसांना कांहीं उमगेना, तेव्हां लंडनहून स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर हा नांवाजलेला अंमलदार आला. एक रात्रीचा झगा हिशेबांत लागत नाहीं, या एका गोष्टीवरून त्याचा संशय केंटच्या सोळा वर्षांच्या मुलीवर, कॉन्स्टन्सवर गेला. परंतु पुराव्याअभावीं ती सुटली. सभ्य घराण्यांतील मुलीवर असा आळ घेणाऱ्या व्हिचरवर वर्तमानपत्रें तुटून पडलीं. त्याचा नांवलौकिक गेला, व १८६४ मध्यें त्यानें नोकरी सोडली. मुलाला सांभाळणाऱ्या दाईला अटक झाली व सुटका झाली. बापाकडेही लोक बोट दाखवूं लागले. पुढें १८६५ मध्यें कॉन्स्टन्सनें आपण होऊन गुन्हा कबूल केला. तिची फांशीची शिक्षा रद्द होऊन जन्मठेप झाली, आणि वीस वर्षांनीं, १८८५ मध्यें, ती सुटली.

या प्रकरणांत खून एका रात्रीं झाला. पण संशयाचा कारभार पांच वर्षें चालला. त्या अवधींत त्या घरांतील प्रत्येकाला शेजाऱ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न वाचावा लागला असेल. पुढें १८६८ मध्यें विल्की कॉलिन्सनें श्रीरंगपट्टणच्या लुटींतील हिऱ्यावर ‘मूनस्टोन’ ही कादंबरी लिहिली, तींत डाग पडलेला रात्रीचा झगा व लंडनहून आलेला शोधक या दोन्ही गोष्टी आल्या. दार आंतून बंद असलेलें घर आणि आंतल्यांपैकींच कोणी तरी गुन्हेगार, हा सांचा तेव्हांपासून रहस्यकथेच्या अंगवळणीं पडला.

हा सांचा खेडेगांवाला नेमका बसतो. मोठ्या शहरांत गुन्हेगार गर्दींत मिसळून जातो, आणि संशयही गर्दींत विरतो. खेड्यांत दोन्ही गोष्टी शक्य नसतात. कॉनन डॉयलच्या १८९२ मधील एका कथेंत शेरलॉक होम्स आगगाडीच्या खिडकींतून दिसणाऱ्या रम्य शेतघरांकडे पाहून म्हणतो कीं, लंडनच्या गलिच्छ बोळांपेक्षां याच एकांतांतील पापें अधिक भयंकर असतात. होम्स मात्र तेथें गाडीनें येतो व काम आटोपून गाडीनें परत जातो. खेड्याच्या अंतरंगांत शिरण्यास तेथेंच घर करून राहिलेला शोधक हवा होता. तो पुढें एका म्हाताऱ्या बाईच्या रूपानें आला.

अगाथा ख्रिस्ती या लेखिकेचा जन्म १८९० मध्यें इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत टॉर्की येथें झाला. पहिल्या महायुद्धांत तेथील रुग्णालयाच्या औषधशाळेंत काम करीत असतां त्यांना विषांची जी माहिती झाली, ती पुढें त्यांच्या लेखणीला जन्मभर पुरली. त्यांची पहिली रहस्यकादंबरी १९२० मध्यें निघाली. डिसेंबर १९२७ मध्यें एका मासिकांतील कथेंत मिस जेन मार्पल ही वृद्ध अविवाहिता प्रथम अवतरली. आणि १९३० मध्यें ‘मर्डर ॲट द व्हिकारेज’ ही तिची पहिली कादंबरी बाहेर पडली. तेथून १९७६ पर्यंत मार्पलबाईंच्या बारा कादंबऱ्या व वीस लघुकथा प्रसिद्ध झाल्या. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यांत विणकाम करीत बसणाऱ्या या बाईंचें बीज ख्रिस्तीबाईंना आपल्या आजीच्या स्वभावांत सांपडलें होतें. आजी मोठी आनंदी. परंतु प्रत्येकाविषयीं वाईटांत वाईट तर्क आधीं करावयाचा, आणि तो बहुधा खरा ठरावयाचा, अशी तिची ख्याति होती.

पहिल्या कादंबरींतील घटना पाहिली म्हणजे या प्रकाराची घडण ध्यानांत येते. कर्नल प्रॉथेरो हा गांवांत कोणालाच न आवडणारा गृहस्थ. याला कोणी मारलें तर जगावर उपकारच होतील, असें खुद्द पाद्रीसाहेब जेवतांना बोलून जातात. आणि त्याच कर्नलाचें प्रेत पुढें त्यांच्याच अभ्यासिकेंत, लिहिण्याच्या मेजावर पडलेलें आढळतें. मेजावरचें घड्याळ आडवें पडून सहा वाजून बावीस मिनिटांवर बंद झालेलें असतें. इन्स्पेक्टर स्लॅक यांच्या नांवाचा अर्थ ‘ढिला’ असा असला तरी त्यांच्या अंगांत घाई भरलेली. खुनाची वेळ मिळाली म्हणून ते खूष होतात. तें घड्याळ घरांत नेहमीं पंधरा मिनिटें पुढें ठेवलेलें असतें, ही साधी गोष्ट पाद्रीसाहेब सांगूं पाहतात. पण इन्स्पेक्टरांना ऐकण्यास सवड नसते! काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण त्यांच्यासाठींच झाली असावी. पुढें दोन निरनिराळीं माणसें आपणच खून केला असें सांगत येतात आणि गुंता अधिकच वाढतो. मार्पलबाईंची बाग पाद्रीसाहेबांच्या घराला लागूनच आहे. फुलझाडांची निगा राखतांना आणि दुर्बिणीनें पक्षी पाहतांना वाटेनें कोण गेलें व कोण आलें, हें त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. खरा गुन्हेगार कोण, हें येथें सांगणें नव्या वाचकावर अन्याय होईल.

पोलिसांना न उलगडणारें कोडें घराबाहेर फारशी न पडणारी बाई कसें उलगडते? तिची रीत अगदीं स्वयंपाकघरांतली आहे. ती शितावरून भाताची परीक्षा करते. ‘व्यक्ति तितक्या प्रकृति’ हें मार्पलबाईंना फारसें मान्य नाहीं. मनुष्यस्वभावाचे मासले थोडेच, आणि ते सारे आपल्या खेड्यांत पाहून झालेले आहेत, असें त्या समजतात. बाजारांतून घेतलेले सोललेले झिंगे घरीं येईपर्यंत एका बाईंच्या पिशवींतून कसे नाहींसे झाले. नवी मास्तरीणबाई शाळेच्या घड्याळाला किल्ली देऊं गेली तों त्यांतून एका खोडकर पोरानें ठेवलेला बेडूक कसा उडाला, असल्या क्षुल्लक हकीकती त्यांना खुनाच्या वेळीं आठवतात, आणि पोलीस अधिकारी मनांतल्या मनांत हंसतात. पण लबाडी लहान असो वा मोठी, तिची जात एकच असते. त्यांचा कादंबरीकार पुतण्या या खेड्याला सांचलेल्या डबक्याची उपमा देतो, तेव्हां बाई नम्रपणें सुचवितात कीं, अशा डबक्यांतील पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरला तर त्यांत जीवांची केवढी गर्दी दिसते! पिंडीं तें ब्रह्मांडीं, हाच त्याचा मथितार्थ.

या कथांचा वाचकाशींही एक करार असतो. रॉनल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकानें १९२९ मध्यें रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेच्या आरंभींच येऊन गेला पाहिजे; भुताखेतांची मदत घेऊं नये; कोणास ठाऊक नसलेलें विष वापरूं नये; शोधकाला सांपडलेला दुवा वाचकालाही लागलीच दाखवावा, हे त्यांपैकीं मुख्य. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें अशा लेखकांचें एक मंडळ निघालें, जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि ख्रिस्तीबाईही त्याच्या सभासद होत्या. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें सर्व सोंगट्या वाचकासमोर मांडलेल्या असतात. तरी तो हरतो आणि हरल्याचा आनंद मानतो.

परंतु केवळ बुद्धीचा खेळ म्हणून या कथांकडे पाहणें अपुरें आहे. १९३२ मध्यें पुस्तकरूपानें निघालेल्या मार्पलबाईंच्या तेरा कथांत ‘चार संशयित’ या आशयाची एक कथा आहे. खेड्यांत येऊन राहिलेला एक वृद्ध गृहस्थ जिन्यावरून पडून मरतो. घरांत चार माणसें: पुतणी, चिटणीस, माळी आणि जुनी मोलकरीण. त्यांपैकीं एक दोषी, हें जवळजवळ निश्चित. पण कोण, हें कळत नाहीं. पोलीस खात्यांतील एक निवृत्त मोठा अधिकारी ही हकीकत सांगतांना म्हणतो कीं, गुन्हेगार सुटला याचें आपणांस तितकें दुःख नाहीं. जे तिघे निर्दोष आहेत त्यांची मान आतां कधींच मोकळी होणार नाहीं, याचें दुःख आहे. रोड येथील केंट कुटुंबाचा इतिहास जाणणाऱ्याला या बोलण्याचें मर्म सांगावें लागत नाहीं.

हेंच सूत्र १९४२ मधील ‘बॉडी इन द लायब्ररी’ या कादंबरींत आहे. बँट्री नांवाच्या भल्या कर्नलाच्या ग्रंथालयांत सकाळीं एका अनोळखी तरुणीचें प्रेत सांपडतें. त्याची पत्नी मार्पलबाईंना तांतडीनें बोलावते. प्रथम तिला त्यांत थोडी मौजही वाटते. पण लवकरच गांवांत कुजबुज सुरू होते, नेहमींचीं जेवणाचीं आमंत्रणें येईनाशीं होतात, आणि बिचारा कर्नल आंतल्या आंत मिटत जातो. मार्पलबाई त्या मुलीचीं नखें आणि अंगावरील जुना पोशाख निरखून सत्याचा माग काढतात. गुन्हेगार सांपडतो, परंतु खरा लाभ होतो तो एका निरपराध म्हाताऱ्याला, कारण त्याला पुन्हां शेजाऱ्यांच्या पंक्तीला ताठ मानेनें बसतां येतें. त्याच सुमाराच्या ‘मूव्हिंग फिंगर’ या कादंबरींत तर निनांवी पत्रेंच गांवभर विष पसरतात. आणि विस्तवाशिवाय धूर निघत नाहीं, ही लोकांची आवडती म्हण किती घातक असूं शकते, हें तेथें दिसतें.

युद्धानें या खेड्यांचें रूप पालटलें, तें या कथांतही उमटलें. १९५० मधील ‘मर्डर इज अनाउन्स्ड’ या कादंबरींत अमक्या घरीं शुक्रवारीं सायंकाळीं साडेसहा वाजतां खून होणार, अशी जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रांतच येते आणि शेजारी तमाशा पाहण्यास जमतात. काळ युद्धानंतरच्या शिधापत्रिकांचा. पूर्वीं गांवांत येणारा नवा माणूस कोणाची तरी ओळख घेऊन येई. आतां तो सांगेल तें खरें मानावें लागतें, असें मार्पलबाई म्हणतात. १९६२ मधील कादंबरींत सेंट मेरी मीडच्या कडेला नव्या घरांची वसाहत उभी राहते. तरीही त्या नव्या घरांतून मार्पलबाईंना जुनेच स्वभाव भेटतात.

या प्रकारावर आक्षेप घेतां येतात. मेलेला मनुष्य बहुधा नावडता असतो, म्हणून कोणी खरें रडत नाहीं. मोलकरीण पाहते पुष्कळ, पण तिच्या सुखदुःखाला पानें थोडीं मिळतात. ब्रिटनमध्यें खुनाबद्दल फांशी देणें १९६५ मध्यें थांबलें. तोंपर्यंत निघालेल्या या कथांत गुन्हेगाराच्या पुढें फांस असे, तो मात्र पडद्याआड राही. कवि ऑडेन यानें १९४८ मध्यें या कथांवर निबंध लिहिला, त्यांत त्यांचें आपल्याला व्यसन असल्याची कबुली देऊन, पापानें विटाळलेली निर्मल जागा पुन्हां निर्मल झाल्याचें समाधान हें त्यांच्या गोडीचें कारण सांगितलें आहे.

या समाधानाच्या पोटांत एक बोधही आहे. शेजारणींची कुचाळकी आणि मार्पलबाईंचा तपास यांची सामग्री एकच असते: खिडकींतून दिसलेली व्यक्ति, कानावर आलेलें अर्धें वाक्य, दुकानांत कळलेली बातमी. परंतु कुचाळकी तर्काला पुरावा समजते आणि शिक्षाही लगेच देऊन टाकते. मार्पलबाई वाईटांत वाईट तर्क करतात खऱ्या, पण तो कसाला लावून पाहिल्यावांचून त्या कोणावर दोष ठेवीत नाहींत. इन्स्पेक्टर स्लॅक यांचें चुकलें तें बुद्धीच्या उणीवेनें नव्हे. समोरच्या मनुष्याचें बोलणें पुरतें ऐकून घेण्याइतका धीर त्यांना नव्हता. पंधरा मिनिटें पुढें असलेलें तें घड्याळ म्हणूनच ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दुसऱ्याविषयीं मत बनवितांना मनुष्याचें मनही बहुधा तितकेंच पुढें धांवत असतें.