झेड ड्राइव्हची तीस वर्षं

रत्नागिरीत मारुती मंदिर ते जयस्तंभ या पट्ट्यातल्या एखाद्या सीएच्या, आर्किटेक्टच्या किंवा डीटीपीवाल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर उघडला की सी आणि डी ड्राइव्हच्या खाली बहुधा एक झेड दिसतो. हा झेड त्या मशीनमध्ये नसतो. तो कोपऱ्यातल्या फळीवर, यूपीएसच्या शेजारी ठेवलेल्या एका लहान पेटीत असतो आणि सगळ्या ऑफिसचं काम त्या पेटीत साठतं. पेटीला आता सगळेच नॅस म्हणतात. कॉम्प्युटर तिला जोडून देणं हे पाच मिनिटांचं काम आहे असा समज आहे. मी हे काम नव्वदच्या दशकापासून करत आलो आहे. मागे वळून पाहताना वाटतं, यात वायर बदलली, डिस्क बदलली, वेग शंभर पटीने वाढला, पण खरी गोष्ट घडली ती ओळख विचारण्याच्या बाबतीत. सुरुवातीला पेटी नाव विचारायची. मधल्या काळात तिने विचारणं सोडून दिलं. आता ती पुन्हा विचारू लागली आहे आणि तिथेच सगळे अडकतात.

सुरुवातीची लॅन म्हणजे काळी कोएक्स केबल. ती एका मशीनकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे ओवत न्यायची. प्रत्येक मशीनच्या पाठीला टी आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर. लांबी १८५ मीटरच्या आत, वेग सेकंदाला १० मेगाबिट. मधल्या टेबलाखाली कुणाचा पाय लागून एक जोड सैल झाला की सगळं ऑफिस बंद. ज्यांच्याकडे खरा सर्व्हर होता त्यांच्याकडे तो बहुधा नोव्हेल नेटवेअरचा असायचा. तिथे नेटवर्कचा पहिला ड्राइव्ह झेड नव्हता, एफ होता. त्याआधीची अक्षरं मशीनच्या स्वतःच्या फ्लॉपीला आणि हार्डडिस्कला राखलेली असायची. सकाळी आल्यावर एफवर जायचं, लॉगिन टाइप करायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा, मग फाइली. कोण आलं, कोणाला काय दिसावं, काय दिसू नये, हे सगळं तेव्हा ठरलेलं असायचं.

मग विंडोज ९५ आणि ९८ आलं. दोन मशीनं आणि एक क्रॉस केबल एवढ्यावर काम भागू लागलं. फोल्डरवर राइट क्लिक, शेअरिंग, ‘फुल’. पासवर्डची जागा रिकामी सोडली तरी चालायचं, आणि बहुतेकांनी ती रिकामीच सोडली. टॅलीचा डाटा मालकाच्या मशीनवर, बिलं करणारा मुलगा दुसऱ्या मशीनवर. आंब्याच्या हंगामात पेट्यांची चलनं रात्रीपर्यंत चालायची, तेव्हा ‘नेटवर्क नेबरहूड’मध्ये शेजारचं मशीन दिसतंय ना, एवढीच काळजी. छोट्या धंद्यांना यातून मोठी मदत झाली हे मान्य केलं पाहिजे. सर्व्हर परवडत नव्हता अशा दुकानांत एकाच हिशेबावर दोघं-तिघं बसू लागले. पण याच काळात आपल्या हातून नाव विचारण्याची सवय गेली.

पुढची अडचण संख्येची. विंडोज एक्सपीच्या होम आवृत्तीवर शेअर केलेल्या फोल्डरला एका वेळी पाचच मशीनं जोडता यायची, प्रोफेशनलवर दहा. सहावा कॉम्प्युटर घेतला की कुणीतरी एक बाहेर. सर्व्हरचं विंडोज घेणं महाग. त्यावर उपाय म्हणून लिनक्सचं एक जुनं मशीन कोपऱ्यात ठेवायची पद्धत आली, आणि त्या मशीनवर असायचं सांबा. १९९१-९२च्या सुमारास कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने ते लिहायला घेतलं. विंडोज फाइली मागताना ज्या पद्धतीने बोलतं ती त्याने तारेवरून जाणारी पाकिटं बघून बघून समजून घेतली आणि तशीच उत्तरं देणारा प्रोग्रॅम केला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नॅस पेट्यांच्या पोटात हेच सांबा चालतं. ज्याच्या प्रोग्रॅमवर लाखोंचं काम उभं राहिलं त्या माणसाचं नाव आपल्याकडे कुणाला माहीत नसतं, म्हणून ते इथे मुद्दाम लिहिलं.

मराठी नावांची गोष्टही याच टप्प्यावरची. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला तरी मशीनच्या लेखी ती रोमन अक्षरंच असत, त्यामुळे डीटीपीवाले फाइलचं नाव रोमनमध्येच देत. विंडोज २०००पासून युनिकोडमधली देवनागरी नावं देता येऊ लागली, पण सांबाला युनिकोड आलं ते २००३च्या ३.० आवृत्तीत. तोवर ‘लग्नपत्रिका’ असं नाव दिलेली फाइल सर्व्हरवर धड उतरायची नाही. पत्रिका छापणाऱ्यांची जुनी सवय त्यामुळे अजून टिकून आहे: आडनाव रोमनमध्ये, पुढे मुहूर्ताची तारीख.

तयार नॅस पेट्या आपल्याकडे आल्या त्या फोटो स्टुडिओंमुळे. कॅमेरे डिजिटल झाले, एका लग्नाचे फोटो सीडीवर मावेनात, मग डीव्हीडी. कोकणातल्या पावसाळ्यात डीव्हीडीवर बुरशी धरते हे इथल्या प्रत्येक फोटोग्राफरने पाहिलं आहे. राउटरला यूएसबी डिस्क लावून बघितली तर ती बहुधा फॅट ३२मध्ये असायची आणि ४ जीबीच्या वरची फाइल घेत नसे. मंगलाष्टकांचं सलग शूटिंग तिथेच अडायचं. सिनॉलॉजी ही २००० साली आणि क्यूनॅप ही २००४ साली सुरू झालेली, दोन्ही तैवानच्या कंपन्या. त्यांच्या दोन डिस्कच्या पेट्या या अडचणीत कामी आल्या. एका डिस्कवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटतं, एक उडाली तरी काम थांबत नाही.

इथल्या हवेचा मात्र या यंत्रांना फार जाच होतो. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने केबलच्या प्लगमधल्या पिना काळवंडतात, कधी हिरवट होतात. पेटी चालू, दिवे चालू, पण फाइल उघडायला मिनिटं लागतात. अशा वेळी मी आधी सेटिंगला हात लावत नाही. प्लग कापतो, आठ तारा सरळ करतो, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने लावतो आणि नवा प्लग क्रिंप करतो. चारपैकी दोन जोड्यांवर लिंक शंभर मेगाबिटची होते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक तार कुजली की वेग एकदम दहावा भाग होतो आणि दोष डिस्कला दिला जातो. दुसरा जाच विजेचा. मेअखेरीस वळीव आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडू लागला की एका इमारतीतून दुसरीत नेलेल्या तांब्याच्या केबली पोर्ट जाळतात. स्विचचा पोर्ट जातो, पेटीचाही जातो. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी, खर्च झाला तरी. यात काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग २०१७ साल उजाडलं. १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने जगभरातल्या मशीनवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. ते पसरत होतं फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबी वनमधल्या छिद्रातून. त्या पद्धतीचा पाया १९८०च्या दशकात आयबीएममध्ये घातला गेला होता, जाळ्यातले सगळे आपलेच आहेत असं मानण्याच्या काळात. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण अपडेट बंद करून ठेवलेली मशीनं गावोगावी होती. २७ जूनला तसाच पसरणारा नॉटपेट्या आला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम अडकून पडलं. तेव्हा आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनाही कळलं की ही लांबची बातमी नाही.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या विंडोज १०च्या अपडेटपासून नव्या मशीनवर एसएमबी वन येईनासं झालं. नवा कॉम्प्युटर घेतला, केबल लावली, ‘नेटवर्क’ उघडलं तर यादी रिकामी. शेजारच्या मशीनांची नावं गोळा करणारी जुनी सेवा त्याच एसएमबी वनवर उभी होती, तीही त्याच्याबरोबर गेली. पेटीचं नाव टाइप केलं तर ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’. त्या महिन्यांत गावातल्या किती तरी ऑफिसांत एकच उपाय झाला: विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी वनवर टिक करायची, रीस्टार्ट मारायचा. झेड परत दिसायचा आणि सगळे खूश. हा उपाय चुकीचा होता, आजही चुकीचा आहे. ज्या छिद्राने जगाचं नुकसान केलं तेच आपण हाताने उघडून ठेवत होतो. बरोबर उपाय पेटीच्या बाजूला होता. तिचं फर्मवेअर अपडेट करायचं, किमान एसएमबी टू निवडायचं, राउटरमध्ये तिला कायमचा पत्ता बांधून द्यायचा, समजा १९२.१६८.१.५०, आणि कॉम्प्युटरवर दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन तो पत्ता सरळ टाइप करायचा. यादीत दिसो न दिसो, ड्राइव्ह मॅप होतो.

पेटी एवढी जुनी असेल की तिला एसएमबी टू येतच नाही, तर ती बदलावी. हे सांगताना समोरच्याच्या चेहऱ्यावर खर्चाचा आकडा दिसतो, तरी सांगावं लागतं.

दुसरं दार पाहुण्याचं. नाव न विचारता आत घेणारा ‘गेस्ट’ प्रवेशही विंडोजने टप्प्याटप्प्याने बंद केला. कोकणातल्या घराची ओटी आल्यागेल्याला मोकळी असते, माजघर नसतं. आपण इतकी वर्षं माजघर ओटीवर मांडून ठेवलं होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत, प्रोवर, पाहुणा पूर्ण बंद झाला, शिवाय प्रत्येक निरोपावर सही मागितली जाऊ लागली, म्हणजे मध्ये कुणी बदल केला तर तो पकडला जावा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली, लोकांनी नवी मशीनं घेतली आणि तोच फोन पुन्हा येऊ लागला: झेड दिसत नाही.

आता उत्तर एकच आहे. पेटीवर प्रत्येक माणसाचं स्वतःचं खातं. बिलिंगच्या मुलीला बिलांचं फोल्डर, मालकाला सगळं. ड्राइव्ह मॅप करताना ‘वेगळ्या नावाने जोडा’ हा पर्याय निवडायचा. इथे एक अडसर हमखास येतो. विंडोज एका पेटीशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. आधीचं जुनं नाव लक्षात राहिलेलं असेल तर नवा पासवर्ड बरोबर असूनही ते नाकारतं आणि माणूस पासवर्डच बदलत बसतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनी नोंद पुसायची, ‘नेट यूज’ने जुनी जोडणी तोडायची, मग पहिल्या फटक्यात जमतं.

जोडणीबद्दल एवढं लिहिल्यावर तुटण्याबद्दलही लिहिलं पाहिजे. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे खांब आडवे केले आणि तिथली वीज बरेच दिवस गेली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं त्या पाण्यात भिजून गेली. दुकानांतले कॉम्प्युटर आणि त्यांच्या शेजारच्या बॅकअपच्या डिस्का एकाच टेबलावर, एकाच पाण्यात. पेटीतल्या दोन डिस्क हा बॅकअप नव्हे, हे मी त्याआधीही सांगत होतो. त्यानंतर लोक ऐकू लागले. त्याच वर्षी इंटरनेटला थेट उघडलेल्या पेट्यांवरही घाव पडले. एप्रिलमध्ये क्यूनॅपच्या पेट्यांतल्या फाइली क्यूलॉकर या खंडणीच्या सॉफ्टवेअरने पासवर्डात बांधल्या, जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्का जगभरात दुरून पुसल्या गेल्या. टाळेबंदीत घरून काम करता यावं म्हणून राउटरचे पोर्ट उघडलेले अनेक जण होते. ते बंद करावेत आणि घरून यायचं तर व्हीपीएनने यावं.

आता फायबर इंटरनेट आल्यापासून दुसरी प्रत घाटावर पाठवणं सोपं झालं आहे. मुलगा पुण्यात, नाहीतर बहीण कोल्हापुरात असतेच. तिथे दुसरी पेटी ठेवायची आणि रात्री बदललेल्या फाइली तिकडे जाऊ द्यायच्या. महिन्यातून एकदा तिथली एखादी फाइल इथे उघडून बघायची. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड. तो पेटी बसवणाऱ्याच्या डोक्यात राहतो, मग तो मुंबईला जातो आणि ऑफिसची सगळी कागदपत्रं एका शब्दापायी बंद होतात. म्हणून मी पेटी बसवली की तो पासवर्ड मालकालाच ठरवायला सांगतो, कागदावर त्याच्याच हाताने लिहून कपाटात ठेवायला लावतो आणि निघण्याआधी एकदा त्यालाच लॉगिन करायला बसवतो.